जिभेची उजवी बाजू

रूपराव ढोक आर्वीच्या बस डेपोत वाहतूक नियंत्रक होते. त्यांचा चेहरा ज्यांनी कधी पाहिला नव्हता, अशांनाही त्यांचा आवाज ठाऊक होता. सकाळपासून डेपोच्या भोंग्यावरून तो थेट कापूस बाजारापर्यंत ऐकू जायचा. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पुलगाव मार्गे वर्ध्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे." घरी-चौकात ते चारचौघांसारखं वऱ्हाडी बोलायचे, पण माइक हातात आला की एकेक अक्षर सुटं आणि स्वच्छ. डेपोमागच्या घरांतल्या बाया त्या आवाजावर गॅस बंद करायच्या, पोरं दप्तरं उचलायची.

मेघा थूलला तर त्या आवाजानं दोन वर्षं कॉलेजात पोचवलं होतं. ती अकरावीला वर्ध्याला जायची तेव्हा तिच्या खेड्यावरची पहिली गाडी आर्वीत यायची पावणेसातला, आणि वर्ध्याची गाडी सुटायची सहा चाळीसला. पहिल्या आठवड्यात तीनदा तिची गाडी चुकली. चौथ्या दिवशी ती धावत उतरली तर वर्ध्याची गाडी उभीच. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि रूपराव खिडकीतून त्याला म्हणत होते, "अबे थांब नं पाच मिनिटं. एक पोट्टी यायची हाय कॉलेजची." पुढं दोन वर्षं ती गाडी अशीच थांबत गेली. मेघा त्यांना काका म्हणायला लागली ती तेव्हापासून.

ती दातांची डॉक्टर झाली आणि डेपोजवळच्याच गल्लीत, वरच्या मजल्यावर तिनं दवाखाना टाकला, तेव्हा पहिला नारळ रूपरावकाकांनीच फोडला. तिचे वडील रामाजी ग्रामपंचायतीतून शिपाई म्हणून निवृत्त झाले होते; ते रोज सकाळी येऊन बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचे. पेशंट कमी आणि त्यांच्या ओळखीचे जास्त, असं ते बाकडं असायचं.

नोव्हेंबरात एका सकाळी रूपरावकाका उजवा गाल धरून जिना चढून आले. तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. मेघानं एक्सरे काढला. खालची उजवी अक्कलदाढ सरळ वर यायची सोडून हिरडीखाली आडवी झोपली होती, आणि पुढच्या दाढेला डोकं लावून बसली होती.

"या वयात अक्कल येऊन राह्यली म्हणा तुम्हाले," बाकावरून रामाजी म्हणाले.

"येऊन नाई राह्यली, अडून राह्यली," काका गाल धरूनच हसले.

मेघानं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली की दाढ काढावी लागेल, म्हणाली. अशा अवघड दाढांसाठी महिन्यातून दोन रविवारी नागपूरहून एक सर्जन तिच्या दवाखान्यात यायचे. मेघानं स्वतः आडव्या दाढा काढल्या होत्या, पण इतकी खोल, आणि शेजारी कुणी मोठं माणूस उभं नसताना, एकही नाही.

"काका, रविवारी सर येतील. त्यांच्या हातून काढून घेऊ."

"कोन सर? मी त्यायले ओळखत नाई. तुह्यासाठी आलो मी इथं."

"ते माझ्यापेक्षा—"

"तूच काढजो बाप्पा. दुसऱ्याच्या हाती मी तोंड देत नाई."

बाकावरचे दोघं-तिघं हसले. रामाजींनी पेपर खाली केला आणि लेकीकडे पाहिलं. त्या पाहण्यातला अभिमान मेघाला दिसला. तिची मदतनीस भावना हळूच म्हणाली, "मॅडम, पंधरा तारखेच्या रविवारी येऊन राह्यले नं सर. सूज उतरल्यावर चार दिवसांचा तं प्रश्न हाय." मेघानं ते ऐकलं, आणि काकांना अकरा तारखेची, बुधवारची वेळ दिली. रविवारच्या चार दिवस आधीची.

दाढ निघायला दीड तास लागला. भूल छान चढली होती. हिरडी उघडली, हाड मोकळं केलं, आणि दाढेचे दोन तुकडे करायला मेघानं ड्रिल लावलं. काकांचा जबडा थकून मिटायला लागला होता. भावना "काका, आ करा, अजून थोडं आ करा," म्हणत होती. मेघाला घाई झाली. आणि एका क्षणी ड्रिलच्या टोकाला हाड लागायचं थांबलं. आतल्या बाजूला, जिभेकडं, ते आरपार निसटलं होतं. तिनं लगेच हात मागं घेतला. रक्त आलं, फार नाही. काकांना काहीच कळलं नाही. ते डोळे मिटून पडले होते. पण त्या बाजूनं जिभेची नस जाते, हे मेघाला पाठ होतं.

दाढ निघाली. टाके पडले. काकांनी कापूस चावून अंगठा वर केला. जिना उतरताना रामाजींनी त्यांचा दंड धरला होता.

सगळे गेल्यावर मेघानं केसपेपर लिहिला. जे झालं ते तिनं त्यात लिहिलं, तारखेसकट. काहीही लपवलं नाही. कागदावर खरं लिहून झालं म्हणून तिला थोडं हलकंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी काका आले. सूज बरी होती. "बाकी ठीक हाय," ते म्हणाले, "पन जीभ अजून झोपूनच हाय इकडून. चहा पिलो तं अर्धाच गरम लागला."

"उतरेल काका. दोन-चार दिवस राहते."

दोन-चार दिवसांचे पंधरा झाले. मेघानं व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. काका डेपोत कामावर गेले. दवाखान्याच्या खिडकीतून भोंगा स्पष्ट ऐकू यायचा. आता तो ऐकू आला की मेघा हातातलं काम थांबवायची. 'फलाट' मधला 'ल' लोळत होता. 'क्रमांक' म्हणताना काका अडखळायचे, पुन्हा म्हणायचे. एकदा कॉलेजच्या दोन मुली जिन्याखालून जाताना त्यांची नक्कल करत हसल्या. भावनानं खिडकी लावून घेतली.

या नसा कधी कधी आपोआप जुळून येतात, हे खरं होतं. त्यासाठी वाट पाहायची असते, हेही खरं होतं. पण वाट पाहताना पेशंटला सांगायचं असतं, आणि पहिल्या एक-दोन महिन्यांत मोठ्या सर्जनला दाखवायचं असतं. मेघा रोज ठरवायची, उद्या सांगू. नागपूरचे सर दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा ती त्यांच्याशी इतर पेशंटांबद्दलच बोलली.

पाचव्या आठवड्यात काका पुन्हा आले. दवाखान्यात गर्दी होती, आतलं दार उघडं होतं, बाहेर रामाजी बसले होते. काकांची जीभ उजव्या कडेला चावली गेली होती. जखम झाली होती आणि त्यांना पत्ताही नव्हता.

"मेघा, खरं सांगजो," ते आवाज खाली करून म्हणाले. "हे दाढेमुळंच हाय नं?"

मेघानं उघड्या दाराकडं पाहिलं. "काका, दाढेची सूज तर कधीच उतरली," ती म्हणाली. "कधी कधी वयानंही नसा मंद होतात. एकदा बीपी, शुगर दाखवून घ्या."

वाक्य इतकं सहज निघालं की क्षणभर तिला स्वतःलाही ते पटलं. काकांनी मान हलवली.

"बरं झालं इचारलं. मी उगाच मनातल्या मनात तुह्यावर आळ घेऊन राह्यलतो."

त्यानंतर ते आले नाहीत. मेघाला वाटलं, फरक पडला असेल. वाटलं म्हणजे तिनं तसं वाटून घेतलं. डेपोवरच्या रस्त्यानं जाताना ती मान खाली घालून जायची, आणि कामाची गडबड आहे असं स्वतःला सांगायची.

मार्चच्या अखेरीस एका सकाळी भोंग्यावर दुसराच आवाज आला, तरुण माणसाचा, भरभर बोलणारा. मेघानं भावनाला विचारलं, "काका सुट्टीवर आहेत का?"

"तुम्हाले ठावं नाई?" भावना हत्यारं पुसता पुसता म्हणाली. "काकाले बारीक लकवा होऊन गेला म्हणते. त्याच्यानंच जीभ जड झाली. त्यायनं स्वताच साहेबाले सांगतलं, मले माइकवरून काढा, लोकं हासतात. आता पासाच्या खिडकीवर बसतात. अन् त्यायची पोरगी गुंजन आली नं पुन्याची नोकरी सोडून. बापाले पुन्हा झटका आला तं घरी कोनी पाह्यजे म्हणून."

मेघानं हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला.

त्या दिवशी तिनं पेशंट लवकर आटोपले आणि बाकावर वडिलांच्या शेजारी जाऊन बसली. तिनं सगळं सांगितलं. ड्रिल निसटलं तिथपासून, "बीपी दाखवून घ्या" पर्यंत. रामाजींनी पेपराची घडी घातली. पुन्हा उघडली, पुन्हा घातली. ते चिडतील अशी तिची अपेक्षा होती.

"मीच तवा बोलाले पाह्यजे होतं, रविवारची वाट पाहा म्हणून," ते शेवटी म्हणाले. "मलेही बरं वाटत होतं लोकायसमोर." मग पेपर बाजूला ठेवून, "आज जाजो. उद्यावर नको टाकू."

"तुम्ही येता?"

"नाई. हे तुह्यं हाय."

रूपरावकाकांचं घर मॉडेल शाळेच्या मागं होतं. मेघा केसपेपर पिशवीत घालून गेली. ओसरीवर कुसुमबाई, काकांच्या पत्नी, तुरीच्या शेंगा सोलत होत्या. काका खुर्चीवर बसले होते. चार महिन्यांत ते वाळले होते. गुंजननं स्टूल पुढं केलं आणि पाणी आणून दिलं. मेघानं पेला हातात घेतला, पण प्यायली नाही.

"काका, तुम्हाला लकवा झालेला नाही," ती म्हणाली.

कुसुमबाईंचे हात थांबले. "काय म्हणता?"

"लकवा नाही, काकू. कधीच नव्हता."

कुसुमबाईंनी हातातल्या शेंगा सुपात टाकल्या आणि दोन्ही हात कपाळाला लावले. "आई भवानी! आयकलं का हो तुम्ही? लकवा नाई म्हणते डॉक्टर!" त्या रडायलाच लागल्या. "तीन मयने झाले, मी रातभर यायच्या छातीवर हात ठिवून झोपतो. श्वास चालू हाय का पाह्यतो. पोरी, तुह्या तोंडात साखर पडो." त्यांनी मेघाचा हात धरला आणि आपल्या गालाला लावला. काकाही हसले, अर्धं हसू वाकडं गेलं. ते घर त्या एका मिनिटात असं उजळलं की पुढचं वाक्य मेघाला बोलवेना.

"मग हे कशानं झालं?" गुंजननं विचारलं.

मेघानं हात सोडवून घेतला आणि सांगितलं. दाढ काढताना माझं ड्रिल निसटलं. जिभेची नस दुखावली. जीभ जड आहे ती त्यानं.

शेजारच्या घरात मिक्सर चालू झाला आणि बंद पडला.

"तुम्हाला हे केव्हा कळलं, ताई?" गुंजनचा आवाज चढलेला नव्हता. ती खरंच विचारत होती.

मेघानं पिशवीतून केसपेपर काढून दिला. गुंजननं तो उभ्यानंच वाचला. तिला त्यातलं सगळं इंग्रजी कळलं नसेल, पण तारीख कळली.

"अकरा नोव्हेंबर," ती म्हणाली. "म्हणजे त्याच दिवशी. मी राजीनामा दिला तो तीन मार्चला. जूनमध्ये मला कायम करणार होते." मग तिनं कागद वडिलांच्या मांडीवर ठेवला आणि आत निघून गेली.

कुसुमबाई उठल्या. आत्ता धरलेला हात त्यांनी पदराला पुसला. मुद्दाम नव्हे, शेंगांचा चीक होता म्हणून असेल. पण मेघाला ते दिसलं. "यायनं डोक्याचं स्कॅन काढलं," त्या म्हणाल्या. "साफ निघालं तरी डॉक्टर म्हणे, बारीक झटका दिसत नाई कवा कवा. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या खाऊन राह्यले. मीठ सोडलं, तंबाखू सोडला, मानसात बोलनं सोडलं. अन् तुले ठाऊक होतं?"

"काकू, माझं चुकलं. मी घाबरली होती."

"आम्ही नाई घाबरलो?"

रूपरावकाका इतका वेळ त्या कागदाकडं बघत होते. ते हळू, शब्द जुळवत बोलायला लागले. दर दोन शब्दांनंतर त्यांना जीभ आवरून घ्यावी लागत होती.

"मी लोकाले काय सांगत होतो, ठावं हाय? म्हणलं, मेघानं बीपी दाखवा म्हणलं म्हणून लकवा समजला. नाईतं समजलाच नसता. पोरीनं वाचवलं. डेपोत सांगतलं, सोयऱ्यायले सांगतलं. गावभर तुहे उपकार सांगत फिरलो मी."

ते रागावले नव्हते. एखादा हिशोब कुठं चुकला ते शोधावं तसे ते बघत होते. मेघा रडली. रडू नये असं तिनं ठरवलं होतं, कारण रडलं की समोरच्याला समजूत घालावी लागते. पण कुणीच समजूत घातली नाही.

"नागपूरला चला काका," ती शेवटी म्हणाली. "उद्याच. सरांना दाखवू. अजून काही करता येत असेल."

"बाबा जातील," आतून गुंजन म्हणाली. "मी नेते. तुम्ही फक्त कागद द्या."

सगळे कागद, एक्सरे, चिठ्ठी मेघानं दुसऱ्या सकाळी भावनाच्या हातून पाठवून दिले. नागपूरच्या सरांना तिनं फोन केला. ते बराच वेळ ऐकत राहिले. "हात कुणाचाही निसटतो, मेघा," ते म्हणाले. "माझा निसटलाय. पण पहिल्याच आठवड्यात मला फोन का नाही केलास? तेव्हा चांगली आशा होती. आता पाच महिने होत आले."

एप्रिलमध्ये नागपूरला काकांची शस्त्रक्रिया झाली. नस उघडून, साफ करून पुन्हा जोडली. मेघा गेली नाही; तिला येऊ नका असा निरोप होता. खबर तिला रामाजींकडून मिळायची. ते दर आठ दिवसांनी काकांकडं जाऊन बसायचे, आणि घरी आल्यावर ती विचारेपर्यंत काही सांगायचे नाहीत. पावसाळ्यात जिभेच्या टोकाला मुंग्या यायला लागल्या. दिवाळीपर्यंत गरम-गार कळायला लागलं. चव मात्र उजवीकडून आली नाही. निवांत बोलले तर काकांचं बोलणं आता समजायचं. भरभर बोलायला गेले की शब्द एकमेकांत अडकायचे. माइक त्यांनी पुन्हा मागितला नाही. गुंजनची पुण्याची जागा भरली गेली होती. तिला वर्ध्याला एका ऑफिसात काम मिळालं, निम्म्या पगाराचं.

मेघा आता दाढ काढण्याआधी प्रत्येक पेशंटला खुर्चीवर बसवून सगळं सांगते. काय होऊ शकतं, कुठली नस कुठून जाते, झालं तर काय करायचं. काही जण ऐकून उठून जातात. भावना म्हणते, "मॅडम, इतकं कोनी सांगते का?" मेघा सांगतच राहते. अवघड दाढ असली की ती रविवारची तारीख देते, मग पेशंट कितीही ओळखीचा असो.

रूपरावकाका तिला बाजारात भेटतात कधी. एकदा कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उभे होते. तिनं वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "बऱ्या आहात नं, मॅडम?" अगदी नीट, आदरानं. पूर्वी ते तिला 'अगे पोट्टे' म्हणायचे. तिनं बरी आहे म्हटलं. काका जुडी पिशवीत टाकून पुढच्या दुकानाकडं गेले.

जानेवारीत एका सकाळी मेघा खिडकीशी उभी होती. खाली डेपोच्या फाटकाशी कुसुमबाई दिसल्या. डोक्यावरून पदर, आणि पदराखालून डाव्या गालाला धरलेला हात. गाल सुजला होता, वरूनही कळत होतं. बरोबर कुणी नव्हतं. दवाखान्याची पाटी त्यांच्या समोरच होती; वीस पावलं चालून जिना चढला की झालं. त्यांनी एकदा वर पाहिलं. मेघा खिडकीत आहे हे त्यांना दिसलं असेल किंवा नसेल. त्यांनी मान वळवली आणि फलाटाकडं चालायला लागल्या.

मेघा हातमोजे न काढताच जिना उतरली. निम्म्यात येऊन थांबली. खाली जाऊन काय म्हणणार? माझ्याकडं या, असं? निदान एक दुखणं थांबवायची गोळी तरी देता येईल, म्हणून ती आणखी दोन पायऱ्या उतरली. तेवढ्यात वर्ध्याची गाडी लागली. दीड तासाचा, खड्ड्यांचा रस्ता. ठणकणाऱ्या दातानं तो कसा जातो, हे मेघाला चांगलं माहीत होतं. कुसुमबाईंनी दांडा धरला, एक पाय वर ठेवला, गाल सांभाळत आत गेल्या आणि खिडकीजवळ बसल्या.

गाडी वेळेवर सुटली. वरून भावना हाक मारत होती, "मॅडम, पेशंट बसले हाय खुर्चीवर." मेघा "आली, आली," म्हणाली, आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिथंच पायरीवर उभी राहिली.